गरम फरशीवरचा थेंब

माझ्या हातून आयुष्यात एकच शास्त्रीय शोध लागला आणि तो अकरा दिवस टिकला. त्या अकरा दिवसांत मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते, हे आता कबूल करायला काही हरकत नाही.

राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक होऊन चार-पाच वर्षं झाली होती. हुमनाबादहून बसवकल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत एक लहानसा दवाखाना होता. तिथे रक्त-लघवी तपासायच्या जागेवर मी लागले होते. वय तेवीस. गुलबर्ग्याला शिकून आलेली, आणि नोकरी एक वर्षाची, कच्ची. वर्ष संपल्यावर डॉक्टरांनी चांगलं लिहून दिलं तर पक्की होणार होती. माझे वडील हुलसूरकडचे, दुसऱ्याच्या रानात राबणारे. आमच्या घरात बुद्धाची तसबीर आली तेव्हा मी पाळण्यात होते. पुढे मी शाळेत जायला लागल्यावर वडील त्या तसबिरीशेजारच्या खुंटीला माझी पाटी अडकवत आणि रोज सकाळी स्वतःच्या पटक्यानं पुसून माझ्या हातात देत. त्यामुळे शिकलेल्या माणसाचं चुकत नाही, असा माझा लहानपणापासूनचा समज. तो समज फार महागात पडणार होता, पण ते पुढे.

दवाखान्यात डॉक्टर एकच, धारवाडकडचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. ते कन्नडमध्ये विचार करत आणि मराठीत अडखळत, म्हणून आम्ही आपसांत कन्नडच बोलायचो. त्यांच्याखालोखाल मान होता तो खालाचा. खाला म्हणजे दवाखान्याची आया. बाळंतिणीचं सगळं तीच करायची आणि जन्मलेल्या लेकराला पहिल्यांदा न्हाऊ घालायचीही तीच. आसपासच्या गावांतले निम्मे लोक तिच्या हातातून निघालेले होते, त्यामुळे ती सरपंचालाही 'चूप बैठ' म्हणू शकायची आणि म्हणायचीही.

माझी खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. टेबल मिळालं नाही, म्हणून विटांच्या दोन थप्प्यांवर मोठी शहाबादी फरशी टाकून मी कामाचा ओटा केला होता. आमच्या मुलखात शहाबादी फरशी कशाला चालत नाही? जमिनीला ती, ओट्याला ती, धुणं आपटायला ती, उभी रोवली की कुंपणालाही तीच. माझ्या ओट्याचा मला फार अभिमान होता. काळाभोर, सपाट, पुसला की चकाचक.

त्या हिवाळ्यात आमच्या दवाखान्याला पहिल्यांदाच रक्तगट तपासायच्या औषधाच्या बाटल्या मिळाल्या. मीच बिदरहून त्या बर्फाच्या डब्यात घालून, बसमध्ये मांडीवर धरून आणल्या. तीन बाटल्या. एकीतलं औषध निळं, एकीतलं पिवळं, तिसरीतलं पाण्यासारखं. निळं आणि पिवळं गट सांगणारं. तिसरं औषध 'पॉझिटिव्ह' की 'निगेटिव्ह' हे सांगणारं, आणि सगळी गंमत त्या तिसऱ्यातच होती.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे नुसते गोळे नव्हेत. त्यांच्या आवरणावर नाना प्रकारची प्रथिनं असतात. त्यांतलं एक बहुतेक माणसांच्या पेशींवर असतं, शंभरातल्या चार-पाच जणांच्या पेशींवर नसतं. बायकांना सांगताना मी त्याला कुसळ म्हणायची. पेशीच्या अंगावर कुसळ असलं की बाटलीतलं औषध त्याला जाऊन धरतं, एका पेशीला दुसरीशी अडकवतं, आणि काचपट्टीवरचा गुळगुळीत थेंब बघता बघता रवाळ होतो. कुसळ नसलं तर औषधाला धरायला काही सापडत नाही आणि थेंब तसाच राहतो.

हे औषध कुठल्या झाडपाल्याचं नव्हतं. ते माणसाच्याच रक्तातून काढलेलं होतं. ज्या बाईच्या रक्तात कुसळ नाही आणि जिनं कुसळवालं लेकरू पोटात वाढवलं, तिचं शरीर त्या कुसळाविरुद्ध एक हत्यार तयार करतं. पहिलं लेकरू बहुधा सुटतं. पुढची मात्र आईच्याच त्या हत्यारानं पिवळी पडतात, कधी हाती लागत नाहीत. तेच हत्यार बाटलीत भरलं की दुसऱ्या बायकांना वेळेत सावध करतं, आणि त्याचीच सुई पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत टोचली तर पुढची लेकरं वाचतात. हे मला गुलबर्ग्याला शिकवलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मागच्या बाकावरची पोरं हसली होती. बाटली उघडताना मी त्या कुठल्यातरी अनोळखी बाईला मनातल्या मनात हात जोडायची.

तर पौषातली थंडी. आमच्या पठारावर पौषात सकाळी बोटं वळत नाहीत. दर गुरुवारी गरोदर बायकांचा दवाखाना असायचा. दोन गुरुवारांत मी चौदा जणींचं रक्त तपासलं आणि त्यातल्या अकरा जणी निगेटिव्ह निघाल्या.

शंभरात चार-पाच, असं पुस्तक सांगत होतं. इथे चौदात अकरा. शहाण्या माणसानं अशा वेळी काय करावं? आपलं काय चुकलं ते बघावं. मी काय केलं? पुस्तक चुकलं असं ठरवलं. डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, ह्या भागातली माणसंच वेगळी दिसतात." डॉक्टर तरुण, मीही तरुण, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. त्यांनी भिंतीवरचा नकाशा खाली उतरवला. कुठल्या गावची कोण, अशा तांबड्या खुणा केल्या. सीमेच्या अलीकडे किती, पलीकडे किती, कोणाच्या आज्या कुठून आल्या, अशी चर्चा रोज दुपारच्या जेवणाला रंगायला लागली. बिदरच्या मोठ्या डॉक्टरांना पाठवायचं पत्र तयार झालं, त्यात माझं नाव दुसऱ्या ओळीत होतं. आमच्या घराण्यात कुणाचं नाव इंग्रजी पत्रात गेलं नव्हतं. मी ते पत्र दिवसातून तीनदा वाचायची.

त्या अकरा जणींना मी जबाबदारीनं सगळं समजावून सांगितलं होतं. घरच्यांना बोलावलं, सुईचं सांगितलं, कार्डावर तांबड्या शाईनं 'निगेटिव्ह' लिहिलं. बायका घाबरल्या. सासवा माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला त्याचंही बरंच वाटलं, हे आज आठवलं की कान गरम होतात.

अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पत्र उद्या टाकू, पण दवाखान्यातल्या आपल्या लोकांचंही तपासून टाक, आकडा वाढेल. मी सुई घेतली आणि आधी स्वतःच्या बोटाला टोचलं. माझा गट मला पाठ होता. गुलबर्ग्याला वर्गातल्या सगळ्यांनी एकमेकांचे तपासले होते आणि मी पॉझिटिव्ह होते. थेंब घेतला, औषध टाकलं, काडीनं ढवळलं, काचपट्टी डुलवली.

थेंब हलला नाही. गुळगुळीत, तांबडा, तसाच.

माझी पाचावर धारण बसली. माणसाचं नाव बदलतं, धर्म बदलतो, राज्य बदलतं, पण रक्तगट बदलत नाही. म्हणजे औषध खराब झालं होतं. म्हणजे ते मी बसमध्ये आणताना खराब केलं होतं. म्हणजे अकरा बायकांना मी खोटं सांगितलं होतं, आणि माझ्या वर्षाच्या शेवटी डॉक्टर काय लिहिणार होते ते सांगायची गरजच नव्हती. मी ओट्याशी बसून ढसाढसा रडायला लागले. फडकं घेऊन फरशी पुसायला आलेली खाला दारातच थांबली.

"कायकू रोतीय गे?"

मी सांगितलं. औषध काय करतं, काय व्हायला हवं होतं, काय झालं नाही. ती ऐकता ऐकता ओटा पुसत होती. मध्येच तिनं फडकं बाजूला ठेवलं आणि ओट्यावर कोपर टेकलं. हात नव्हे, कोपर. लगेच उचललं.

"अगे, पत्थर तो बरफ हुआ है!" मग ती माझ्यासाठी मराठीत आली. "तू म्हणायलीस हे रगतातलं हाय. रगत अंगात गरम आस्तंय का थंड? पोराला असल्या पान्यात बुडिवलं तर पोर निळं पडंल. तुझं औषध काय करंल बिचारं?"

मी रडायची थांबले. मला शिकवलं होतं. तिसऱ्या औषधाला अंगाची ऊब लागते, हे मला स्वच्छ शिकवलं होतं. गुलबर्ग्याला त्यासाठी खाली दिवा असलेली गरम पेटी होती. पेटी इथे नव्हती आणि पेटीबरोबर मी तिच्या मागचं कारणही विसरून आले होते. निळ्या-पिवळ्या औषधांना थंडी चालते, म्हणून गट बरोबर येत होते आणि मला कसलाही संशय आला नव्हता. चौदातल्या ज्या तिघी पॉझिटिव्ह निघाल्या, त्या दुपारी उशिरा आल्या होत्या, खिडकीतून ऊन ओट्यावर आल्यावर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच होते.

खाला मागच्या अंगणात गेली. तिथे पाणी तापवायच्या चुलीशी फरशीचा एक फुटका तुकडा पडलेला असायचा, तिचं बसायचं आसन. तो तिनं चुलीच्या कडेला तापवला, आणून माझ्या ओट्यावर ठेवला आणि कोपर लावून बघितलं. "जरा ठैर." पुन्हा कोपर. "और जरा." लेकराच्या न्हाणाचं पाणी बघतात तसं तिनं तीन-चारदा बघितलं आणि मग म्हणाली, "हां. अब डाल."

मी दुसरा थेंब टाकला. मिनिट झालं. थेंबाच्या कडेला काहीतरी खरखरीत दिसलं, मग मधे, आणि मग सगळा थेंब रवाळ झाला. तूप थंडीत रवाळ होतं, हा थेंब उबेत झाला. मी ओरडले. खालाला मिठी मारली. मग आम्ही दोघींनी डॉक्टरांना हाताला धरून ओढत आणलं, त्यांचं बोट टोचलं, त्यांचाही थेंब रवाळ झाला. त्यांनी एकदा थेंबाकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या नकाशाकडे. मग ते जे हसायला लागले ते खुर्चीत बसूनही हसत राहिले. मला वाटलं होतं आज नोकरी जाणार. त्यांनी पत्राचे चार तुकडे केले आणि म्हणाले, "ह्यात माझं नाव पहिल्या ओळीत होतं, हे कुणाला सांगू नकोस."

त्या आठवड्यात आम्ही निरोप धाडून अकराही जणींना पुन्हा बोलावलं. खाला फरशी तापवून कोपरानं बघायची, मी थेंब टाकायची. दहा जणी पॉझिटिव्ह निघाल्या. मी प्रत्येकीची माफी मागितली. कुणी हसलं, कुणी चार शब्द सुनावले, एकीच्या नवऱ्यानं 'फुकट दोन खेपा झाल्या' म्हणून माझ्याकडून चहा घेतला. मला सगळं चाललं. पण अकरावीचा थेंब रवाळ होईना.

ती दुबलगुंडीची एक पोर, जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची, सातवा महिना. माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच ठरलेलं. तिचा थेंब मी चार वेळा बघितला. फरशी गरम, औषध चांगलं, शेजारी माझा स्वतःचा थेंब रवाळ. ही खरीखुरी निगेटिव्ह होती. बाळंतपणानंतर तीन दिवसांत सुई मिळाली नाही तर हिची पुढची लेकरं धोक्यात होती, आणि ती सुई सोलापूरहून आधी सांगून मागवावी लागणार होती.

तिच्यासोबत सासू आली होती. उंच, सडसडीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, शेतकऱ्याच्या मोठ्या घरची कारभारीण. तिनं माझं सगळं शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "मागल्या बाजारी तू अकरा जनींला न्हाई म्हणलीस. आज धा जनींला व्हय म्हणायलीस. मंग माझ्या सुनेचंच कामून न्हाई?"

"मावशी, तेव्हा माझं चुकलं होतं. आता—"

"आता बी चुकलं आसंल की. परवा तिचं बी व्हय व्हईल. थांबावं थोडं." ती उठली, सुनेला उठवलं. "दुधानं तोंड पोळलंय बाई आमचं. ताक बी फुकून प्यावं लागतंय."

त्या दोघी गेल्या, आणि मला तिचा राग आला. मग राग ओसरला, कारण ती चूक नव्हतीच. मी तिच्या जागी असते तर हेच बोलले असते, कदाचित जास्त तिखट. डॉक्टर म्हणाले की ते स्वतः जाऊन सांगतील. मी म्हणाले, "तुमचं ऐकून ती मान डोलवेल आणि सुई आणणार नाही. चूक माझी आहे, मीच जाते."

रविवारी सकाळी मी आणि खाला दुबलगुंडीला गेलो. बर्फाच्या डब्यात औषध, पिशवीत काचपट्ट्या, आणि खालाच्या डोक्यात काय होतं कोण जाणे, तिनं वाटेत दोन वेळा मला सांगितलं, "तू कम बोल." घर गावाच्या मध्यावर, मोठं अंगण, एका कोपऱ्यात न्हाणीची चूल आणि तिच्याशी शहाबादी फरशी. सासूबाईंनी आम्हाला बघितलं आणि तोंड वाकडं केलं, पण खालाला हाकलणार कोण? तिच्या दोन्ही मुलांना खालानंच पहिलं न्हाऊ घातलं होतं.

मी म्हणाले, "मावशी, आज तुमच्याच अंगणात, तुमच्याच फरशीवर, घरातल्या सगळ्यांचं बघते. पटलं नाही तर मी पुन्हा ह्या दारात येणार नाही."

ती मग पुढे आली आणि हात लांब केला. "आदी माझं घे."

मी तिचं बोट धरलं. आता हे सांगायलाच हवं. अशा घरांच्या उंबरठ्याच्या आत माझी आई कधी गेलेली नव्हती. तिच्या ओच्यात ज्वारी पडायची ती वरून, हात न लागता. मी कोण, कुठली, हे त्या बाईला दवाखान्यात पहिल्याच दिवशी कळलेलं होतं, आमच्याकडे ते कळायला वेळ लागत नाही. आणि तिचं बोट माझ्या मुठीत होतं. मी सुई टोचली. तिनं ते मागे घेतलं नाही.

खालानं चुलीशी फरशी तापवून कोपर लावलं. सासूबाईंनी तिला बाजूला सारलं आणि स्वतःचं कोपर लावलं. "अजून जरासं व्हावं," असं म्हणून स्वतःच जाळ पुढे ओढला. मग थेंब, औषध, काडी. दोन मिनिटांत रवा. तिनं वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे तुला म्हाईत हाय कुणाचं हाय ते. बघून बोलायलीस. पाठ कर."

मला आधी कळेनाच. मग कळलं आणि मी थक्क झाले. मोठमोठ्या प्रयोगशाळांत जी युक्ती शिकवतात ती ही बाई अंगणात उभी राहून स्वतःच्या डोक्यानं काढत होती. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागे खाला एकेकाचं बोट टोचत होती. सासरा, दोन्ही मुलं, दोन्ही सुना, पाहुणी आलेली लेक, सालगडी. प्रत्येकाच्या 'आई गं' वर बाकीचे हसत होते. सासरेबुवांनी तर दोन वेळा हात मागे घेतला आणि सुनांच्या देखत बायकोचं बोलणं खाल्लं. मी वळले तेव्हा गरम फरशीवर काचपट्ट्यांची रांग होती आणि प्रत्येक पट्टीशेजारी खूण म्हणून एकेक दाणा ठेवलेला. एकीपाशी ज्वारी, एकीपाशी तूर, मग हरभरा, मूग, उडीद, गहू, करडई, जवस. कुठला दाणा कुणाचा, ते फक्त सासूबाईंना ठाऊक.

मी औषधाचा एकेक थेंब टाकत गेले, ढवळत गेले, डुलवत गेले. सगळं घर माझ्याभोवती उकिडवं बसलं होतं. ज्वारी रवाळ झाली. हरभरा झाला. मूग झाला. एकेक थेंब रवाळ झाला की पोरं टाळ्या पिटत होती, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. शेवटी दोन पट्ट्या उरल्या. एकीपाशी करडई, एकीपाशी जवस. मी दोन मिनिटं थांबले, चार मिनिटं थांबले. घरात एकच निगेटिव्ह असणार असं मी धरून चालले होते. दोन कशा? पुन्हा माझंच काही चुकलं होतं का? फरशीचा तेवढा भाग गार झाला होता का? मी कोपर लावून बघितलं. ऊब बरोबर होती.

"बोल की," सासूबाई म्हणाल्या.

खोटं बोलायचा मोह झाला नाही असं म्हणणार नाही. एकच पट्टी दाखवावी आणि सुटावं. पण अकरा दिवसांच्या शोधानं मला एवढं शिकवलं होतं की जे दिसतं ते सांगावं. मी म्हणाले, "करडई अन् जवस. ह्या दोघांत कुसळ न्हाई. दोघं कोण हायत मला म्हाईत न्हाई. पन न्हाई म्हंजी न्हाई."

सासूबाई उठल्या, सुनेपाशी गेल्या आणि तिचे दोन्ही हात धरून पुढे केले. डाव्या हाताच्या एका बोटावर रक्ताचा ठिपका होता आणि उजव्या हाताच्या एका बोटावरही.

"दोनी हिचेच हायत," त्या म्हणाल्या. "दोनदा घेतलं. तू एक म्हणली आस्तीस तर आता तुला गावाबाहीर घालिवले आस्ते."

मग त्या खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता नीट सांग. सुरवातीपासून." मी सांगितलं. सुनेच्या पेशींना कुसळ नाही, लेकराला बापाकडून येऊ शकतं, बाळंतपणात लेकराचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं, आईच्या शरीराला त्या कुसळाची ओळख पटते आणि पुढच्या खेपेला ते लेकरावरच उठतं. सुई त्या कुसळवाल्या पेशी ओळख पटायच्या आधीच उचलून टाकते.

"म्हंजी कुत्र्याला वास लागायच्या आदी अंगन झाडून घ्यायचं," त्या म्हणाल्या. ह्यापेक्षा चांगलं मला आजतागायत सांगता आलेलं नाही, आणि मी नंतर शेकडो बायकांना हेच वाक्य सांगितलं.

आम्ही निघालो तेव्हा त्यांनी थांबवलं. कोवळ्या ज्वारीचा हुरडा भाजून काढला होता, तो त्यांनी स्वतः मळला, फुंकून कोंडा उडवला आणि माझा हात खालून धरून माझ्या तळहातावर ठेवला. वरून टाकला नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसेल. माझ्या आलं. वाटेत मी तो हुरडा खात खात रडले आणि खाला म्हणाली, "इत्ता अच्छा है तो मेरेकू भी दे."

पुढचं सगळं सरळ झालं. दिवस भरत आले तशी सासूबाईंच्या मोठ्या मुलानं सोलापूरहून सुई आणली, दवाखान्याच्या रॉकेलवर चालणाऱ्या फ्रीजमध्ये ती ठेवली आणि ती जागेवर आहे ना हे बघायला तो रोज सायकलवरून यायचा. मुलगा झाला, पॉझिटिव्ह निघाला, दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी आईला सुई टोचली. माझी नोकरीही पक्की झाली. डॉक्टरांनी माझ्याबद्दल काय लिहिलं ते मला कधी दाखवलं नाही, पण शेवटी एक ओळ फरशीबद्दल होती असं कारकून म्हणाला. ह्या डॉक्टरांची पुढे बदली झाली, दुसरे आले, गरम पेटीही आली. वीज नसली की पेटी नुसती पेटी व्हायची आणि खाला चुलीकडे निघायची.

अडीच वर्षांनी ती पोर पुन्हा बाळंत झाली, ह्या वेळी दवाखान्यात. आमच्या सगळ्यांच्या मनात धाकधूक होती, कारण परीक्षा ह्या दुसऱ्या लेकराची होती. मुलगी झाली. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नातीला उन्हात घेऊन बसल्या होत्या. तिच्या नाकाच्या शेंड्यावर अंगठा दाबायच्या, उचलायच्या, कातडी पिवळी दिसते का बघायच्या. दिसत नव्हती. गुलाबी पोरगी, जांभया देत होती. मला इतका आनंद झाला होता की मी सकाळपासून कारण नसताना चार वेळा त्या खोलीत जाऊन आले होते.

लेकराच्या नाळेतलं रक्त मी जन्मल्या दिवशीच तपासलं होतं, पण एकदा पोळल्यामुळे कुणाला बोलले नव्हते, आणि खात्रीसाठी त्या दिवशी पुन्हा एकदा बघितलं. जाऊन सांगितलं, "मावशी, ही आईवर गेलीय. हिला बी कुसळ न्हाई. ह्या खेपेला सुनेला सुईच लागत न्हाई."

मला वाटलं त्या खूश होतील. सोलापूरची खेप वाचली. पण त्यांनी नातीच्या तोंडाकडे बघत बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हंजी हिचं लगीन झालं, पैलं लेकरू झालं, की हिला लागंल."

"व्हय."

"तवर मी कुटं आस्तेय." त्यांनी पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "हिची माय गरीब हाय. व्याह्याच्या दारात तोंड उघडायची न्हाई. अन् हिच्या सासूला तर कायबी म्हाईत नसनार. माझ्यावानीच आसंल ती. आयकायची न्हाई लवकर."

मग त्यांनी पोरीला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"तू जा तिच्याकडं," त्या म्हणाल्या. "कुट्टंबी आसू दे ती. तू जाऊन सांग."

मी "व्हय" म्हणाले. पोरगी तीन दिवसांची होती आणि झोपली होती. तिच्या सासूला गाठायला माझ्याकडे अजून वीसेक वर्षं होती.